बघितलं गं, पण बसले नाही

माझी आई १९९८ साली बौद्ध स्थळांच्या यात्रेला गेली. तेव्हा तिचं वय पासष्टच्या आसपास असेल. नेमकं किती, ते तिलाही ठाऊक नव्हतं. सारा जन्म दुसऱ्याच्या रानात भांगलणी-खुरपणी केलेली बाई. कराड तालुक्याबाहेरची तिनं दोनच गावं पाहिली होती, दादर आणि नागपूर. यात्रेचे पैसे तिनं चार वर्षं डब्यात साठवले होते.

अकरा दिवसांनी ती परतली तेव्हा पाय सुजले होते. सगळी आळी गोळा झाली. बोधिवृक्षाची पानं वाटून झाली, फोटो पाहून झाले. रात्री माणसं पांगल्यावर ती मला हळूच म्हणाली, "बघितलं गं सगळं, पण कुठं बसले नाही."

मग एकेक उलगडत गेलं. कुशीनगरला बस थांबली ती पंचवीस मिनिटं. त्यातली दहा चपला काढण्यात आणि रांगेत गेली. आत ती निजलेली भव्य मूर्ती, अंगावर चीवर, मंद उजेड. ज्याच्या नावानं आपण माणसात आलो, तो इथं शेवटचा आडवा झाला, हे आईला कळलं आणि तिचे पाय तिथंच खिळले. तिनं वंदना सुरू केली. पंचशीलातलं तिसरं शील म्हणेपर्यंत बाहेर शिट्टी वाजली. रात्रीपर्यंत श्रावस्ती गाठायची होती. चौथं आणि पाचवं शील तिनं बसमध्ये, खिडकीला डोकं लावून म्हटलं.

त्या यात्रावाल्यांचं नाव मी घेत नाही. त्यांनी फसवलं काहीच नव्हतं. पत्रकात छापलेली सगळी ठिकाणं दाखवली होती. खोट मुळात पत्रकातच होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०१३ साली निवृत्त झाले आणि तेव्हापासून पाच वेळा सातारा-सांगलीकडची माणसं, बहुतेक बायका, घेऊन बुद्धगयेपर्यंत गेले. आजही गावोगावच्या बुद्धविहारांच्या भिंतींवर तसली पत्रकं लागलेली दिसतात, 'अकरा दिवस, अठरा स्थळं', आणि माझ्या पोटात कालवतं. कुणाच्या तरी आईचे डब्यातले पैसे त्यात जाणार असतात.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या भागातून निघणारी धम्मयात्रा कमी ठिकाणांची असावी, आणि ती आपल्याच डोंगरावरून सुरू व्हावी.

कमी ठिकाणांचं आधी सांगते, कारण त्याला खुद्द बुद्धाचा आधार आहे. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला चारच ठिकाणं सांगतात: जिथं जन्म झाला, जिथं बोधी मिळाली, जिथं पहिलं प्रवचन झालं आणि जिथं परिनिर्वाण होणार. लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर. श्रद्धावंतानं ही पाहावीत, ती मनात संवेग उठवणारी आहेत, असं तिथं म्हटलं आहे. संवेग हा फार खोल शब्द आहे. आत काहीतरी हलावं, आपण कसे जगतो हे आपल्यालाच टोचावं, असा त्याचा भाव. पंचवीस मिनिटांत चपला सांभाळत तो कसा उठणार?

बाबासाहेबांचा शेवटचा मोठा प्रवासही हाच होता, याची आठवण मी प्रत्येक तुकडीला निघण्याआधी करून देते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. पुढच्याच महिन्यात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. शरीर पार थकलेलं. तरी परतीच्या वाटेवर त्यांनी सारनाथ आणि कुशीनगर केलं. ३० नोव्हेंबरला दिल्लीत पोहोचले आणि ६ डिसेंबरला गेले. ज्या माणसाला एकेक दिवस मोलाचा होता, त्यानं ते दिवस या जागांना दिले. आपण तिथं निदान एक अख्खी सकाळ द्यायला काय हरकत आहे?

म्हणून आमच्या यात्रेत चार मुख्य ठिकाणं, आणि वाटेवरची म्हणून राजगीर आणि नालंदा. बस. वैशाली, श्रावस्ती, संकिसा राहतात. लोक हळहळतात, मलाही वाईट वाटतं. पण बुद्धगयेला आम्ही तीन रात्री राहतो. पहाटे महाबोधी विहाराच्या आवारात बसायला मिळतं. शेजारी कुणी थायलंडचं, कुणी श्रीलंकेचं, कुणी तिबेटी, आणि त्यांच्यात तांबव्याची, मसूरची, पलूसची नऊवारीतली आजी मांडी घालून बसलेली. तिला कुणी उठवत नाही.

आता आपल्या डोंगराचं.

कराडच्या नैर्ऋत्येला आगाशिवाचा डोंगर आहे. पायथ्याला जखिणवाडी. या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली. महामार्गावरून रोज हजारो गाड्या त्याच्या समोरून जातात. माझ्या शाळेतली मुलं त्या डोंगराच्या सावलीत वाढली आणि 'वर महादेवाचं देऊळ आहे' यापलीकडे बहुतेकांना काही माहीत नव्हतं. मलाही चाळिशीपर्यंत नव्हतं. त्याची खंत अजून जात नाही.

"तिथं काय बघायचं? बुद्धाची मूर्तीसुद्धा नाही," असं लोक म्हणतात. मूर्ती नाही, कारण ही लेणी मूर्ती घडवायची रीत पडायच्या आधीच्या परंपरेतली आहेत. तेव्हा स्तूपच पुजायचा. पण लेण्यात जरा थांबून बघा. एका चैत्यगृहाच्या दर्शनी खांबांवर एका बाजूला धर्मचक्र आहे, दुसरीकडं सिंह. आमच्या तिसऱ्या यात्रेत सारनाथच्या संग्रहालयात सगळे अशोकाच्या सिंहशीर्षासमोर उभे होते, माहिती सांगणारा हिंदीत भरभर बोलत होता, आणि मागून एक आजी म्हणाली, "आवं, आपल्या डोंगरावर हायती की असलंच." त्या आजीला सारनाथ परकं राहिलं नाही. शंभर पुस्तकं वाचून मला जे शिकवता आलं नसतं, ते तिला जखिणवाडीच्या दगडानं शिकवलं होतं.

मग भिक्खूंच्या खोल्या. छोट्या, अंधाऱ्या, आत दगडाचाच ओटा कोरलेला. त्यावर एकेकीला बसवायचं आणि सांगायचं, की पावसाळ्याचे महिने भिक्खू फिरत नसत, एका जागी राहत, तो वर्षावास. आपल्याकडं आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात, ते वर्षावासाचंच व्रत. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना वर्षावास का, हे समजवावं लागत नाही. ओट्यावर हात फिरवून एकीनं विचारलं होतं, "थंडी वाजत नसंल का ह्यास्नी?" मला हा प्रश्न फार आवडला. धम्म पुस्तकातून बाहेर येऊन माणसांचा झाला, तो त्या प्रश्नानं.

आणि कराड हे नाव. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भरहूतचा स्तूप होता. १८७३ साली कनिंगहॅमला तो सापडला, आणि त्याचा कोरीव कठडा आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. त्या कठड्यावर ज्यांनी ज्यांनी दान दिलं त्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरली आहेत. त्यात 'करहकट' या नगराचं दान आहे. करहकट म्हणजे आपलं कराड. एका माणसाचं नव्हे, अख्ख्या गावाचं दान! दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कृष्णा-कोयनेच्या काठच्या माणसांनी वर्गणी काढली असेल आणि ती विंध्यापलीकडं पोहोचवली असेल. कोकणात कुडा लेण्यातही कराडचा एक दाता आहे, महिक नावाचा, लोखंडाचा व्यापारी. चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून जी वाट कराडला येते, त्या वाटेवरून माल जात होता आणि मालाबरोबर भिक्खूही.

विहारात यात्रेची वर्गणी गोळा करताना मी ही गोष्ट सांगते. बायकांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते शब्दांत सांगता येणार नाही. आपण नवे नाही, उपरे नाही. आपल्या गावाची वर्गणी आधीच तिकडं जमा आहे.

आगाशिवाहून उतरलो की मसूर. हे ठिकाण कुठल्याच यात्रेच्या पत्रकात मी पाहिलेलं नाही, आणि माझ्या मते त्याच्याशिवाय आपली यात्रा निघूच नये. १९०१ च्या सुमारास दहा वर्षांचे बाबासाहेब घरच्या मुलांबरोबर साताऱ्याहून आगगाडीनं मसूर स्टेशनवर उतरले. वडील, सुभेदार रामजी, खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. मुलं सुट्टीत त्यांच्याकडं निघाली होती. येतोय म्हणून पाठवलेला निरोप वडिलांना मिळाला नव्हता, त्यामुळं न्यायला कुणी आलं नाही. मुलांचे कपडे चांगले होते, स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं बोलला. जात कळली तसा मागं सरला. एकही गाडीवान त्यांना घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही मुलांनीच बैलगाडी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं पायी चालायचं या अटीवर. जवळ खायला होतं, पण रात्रभर वाटेत प्यायला पाणी कुणी दिलं नाही. हे सारं बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवलंय.

मसूर स्टेशन आजही आहे, पुणे-मिरज मार्गावरच. आम्ही तिथं फलाटावर अर्धा तास बसतो. एक मुलगी तो प्रसंग मराठीत वाचते. प्रत्येकीनं घरून पाण्याची बाटली भरून आणायची आणि वाचन झालं की शेजारणीला द्यायची, स्वतःची प्यायची नाही. पहिल्या वर्षी हे मी ठरवलं नव्हतं. वाचन चालू असताना एका म्हातारीनं आपोआप आपली बाटली वाचणाऱ्या पोरीपुढं धरली. तेव्हापासून ती रीत झाली.

ज्या वाटेवर पाणी मिळालं नाही, तिथून निघून बुद्धगयेच्या बोधिवृक्षापर्यंत जाणं हीच आपली यात्रा आहे. थायलंडचा भाविक बँकॉकहून थेट गयेला उतरतो, ते त्याच्यासाठी बरोबर असेल. आपली वाट मसूरवरून जाते.

सातारा शहराला अर्धा दिवस पुरतो. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमरावांचं नाव तिथल्या सरकारी हायस्कुलात दाखल झालं, ते आजचं प्रतापसिंह हायस्कूल. शाळेच्या नोंदवहीतला क्रमांक १९१४. तो दिवस राज्यात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यांच्या आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. त्यांची समाधी शहरात आहे. तिथं आमच्या बायका खूप वेळ थांबतात. साताऱ्याला छत्रपतींची राजधानी म्हणून येणाऱ्यांनी या दोन जागाही बघाव्यात, आणि आमच्यासारख्यांनी अजिंक्यतारा बघावा. दोन्ही आपलंच आहे. पुण्याहून येणारी तुकडी असेल तर शिरवळची लेणी आणि वाईजवळची लोहाऱ्याची लेणी वाटेवरच पडतात. आणि कराडजवळचं काले मी कधी चुकवत नाही. तिथं १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. ते बौद्ध स्थळ नाही, हे मला माहीत आहे. माझ्या वडिलांना जी चार बुकं वाचता आली ती तिथून सुरू झालेल्या कामामुळं, म्हणून मी तिथं जाते.

पुढं मिरजेहून गाडी. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस गयेला जाते, आठवड्यातून एकदाच. त्यामुळं तारखा तिच्यावर बांधून घ्याव्या लागतात. तिकीट उघडल्या दिवशी काढा. साठीच्या पुढच्या बाईला वरचा बर्थ आला तर तुमची निम्मी यात्रा तिथंच बिघडली म्हणून समजा.

हंगामाचा विचार यात्रा कंपन्या हॉटेलच्या दराप्रमाणं करतात. मी मजुरीप्रमाणं करते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीभर उत्तरेत धुकं असतं, गाड्या दहा-दहा तास रखडतात, म्हणून ते दिवस बाद. कराड-पाटणकडच्या बायकांना दिवाळीनंतरचे तीन आठवडे जमतात. पण तासगाव, पलूसच्या बायका द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्चच्या काढणीपर्यंत अडकलेल्या असतात. नोव्हेंबरात बागेचा खाडा म्हणजे हातची चांगली मजुरी गेली. त्यांच्यासाठी मी मार्चअखेरची वेगळी तुकडी काढली. गयेला ऊन कडक होतं, पण त्यातून एक चांगलं निघालं: सकाळी आणि संध्याकाळी बाहेर पडायचं आणि दुपारभर विहारात बसायचं, वाचायचं, बोलायचं. सगळ्यात समाधानी तुकडी तीच होती.

पैशांसाठी आम्ही भिशी धरतो. दरमहा सातशे, चोवीस महिने. सोळा हजार आठशे होतात. मुक्काम विहारांत आणि धर्मशाळांत, आचारी आपला, शिधा आपला. बिहारात चार दिवस भात खाऊन आमच्या बायकांचं पोट बिघडतं. ज्वारीचं पीठ मिरजेहूनच चढवायचं. लुंबिनीसाठी सीमा ओलांडायची असते, तेव्हा मतदार ओळखपत्र जवळ हवं आणि शंभराच्या नोटा सुट्ट्या करून घ्याव्यात. सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. आमची पहिली तुकडी नेमकी शुक्रवारी पोहोचली आणि सिंहशीर्ष न बघता परतली. ती चूक माझी होती, त्या पस्तीस जणींची मी आजही देणेकरी आहे.

माहिती सांगणाऱ्याचा प्रश्न सगळ्यात मोठा. स्थळावरचे वाटाडे हिंदीत, पाठ केलेलं बोलतात. आजींना निम्मं कळत नाही आणि त्या मान डोलावत राहतात. यावर तोडगा आम्हाला घरातच सापडला. प्रत्येक तुकडीत पाच-सहा मुली असतात, अकरावी-बारावीच्या किंवा कॉलेजातल्या. एकीला एक ठिकाण दिलेलं. वर्षावासाच्या वाचनाबरोबरच त्यांची तयारी चालते. धर्मानंद कोसंबींचं 'भगवान बुद्ध' त्यांनी वाचायचंच, आणि 'निवेदन' हे त्यांचं आत्मकथनही. गोव्यातल्या साखवाळच्या या माणसानं बुद्धाच्या शोधात १८९९ साली घर सोडलं; पुणे, काशी करत नेपाळला गेला, तिथं निराश झाला, बुद्धगयेवरून सिंहलद्वीपाला पोहोचला आणि पाली शिकून आला. पोरींना हे वाचून धीर येतो. मग कुशीनगरला एखादी थरथरत्या आवाजात आपल्या आजीला मराठीत सांगते, की चुंद लोहारानं दिलेलं अन्न हे त्यांचं शेवटचं भोजन, आणि त्याला कुणी दोष देऊ नये म्हणून तथागतांनी आनंदाला मुद्दाम निरोप दिला. गेल्या वेळी हे ऐकताना अख्खी तुकडी रडली. मरताना दुसऱ्याच्या मनाला टोचणी लागू नये म्हणून जपणारा माणूस. तो आमच्या बायकांना पुरता कळला.

शासनाकडं मागणं थोडंच आहे. आगाशिवाच्या पायथ्याशी पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हवं. लेण्यांपाशी मराठीत नीट फलक हवा, त्यावर करहकटच्या दानाची गोष्ट हवी. मसूरच्या फलाटावर १९०१ च्या त्या प्रसंगाची एक पाटी हवी. सातारा-सांगलीच्या एसटी आगारांनी रविवारी शिरवळ, वाई, सातारा, मसूर, कराड अशी एक गाडी सोडून बघावी. आणि कॉलेजांनी इतिहासाच्या मुलींना तिथं माहिती सांगायला उभं करावं, मानधन देऊन. फुकट सेवा म्हणून नको. आमच्या समाजातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या पुष्कळ फुकट राबून दिलंय.

पुढच्या तुकडीची नावं आता लिहून घेतेय. सुरुवात आगाशिवावर, सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत. डोंगरावर मोहोळं असतात, तेव्हा अगरबत्ती, धूप काही नाही, फक्त फुलं. परवा तासगावकडच्या एका आजींचा फोन आला. म्हणाल्या, "बाई, गुडघं गेल्यात माजं. डोंगूर चढवंल का? न्हाई चढवला तर गयेला न्हेनार न्हाई का?"

मी म्हटलं, जिथवर चढवेल तिथवर चढा आणि तिथंच बसा. आम्ही वरची लेणी बघून खाली येतो आणि तुमच्यापाशी बसून वंदना घेतो, पाचही शीलं.

त्यांनी नाव लिहायला सांगितलं. पुढं मी कंसात लिहिलंय, खालचा बर्थ.